‘अवैध अक्षर’ हा शेरा नेमका कोणावर?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन अर्जात नाव लिहावे आणि रकान्याखाली लाल अक्षरांत ‘अवैध अक्षर आढळले’ असे उमटावे, हे आता इतके अंगवळणी पडले आहे की लोक निमूटपणे स्वतःचेच नाव बदलून लिहितात. फ्रेंच नावातल्या ‘ई’वरची तिरपी रेघ गळते, आयरिश आडनावातली अपॉस्ट्रॉफी जाते, देवनागरीत लिहू पाहणारा रोमनकडे वळतो. पुढे एकाच माणसाच्या दोन कागदांवर दोन नावे निघतात आणि खुलासा करत फिरायचे त्यानेच. वेब अनुप्रयोग बांधणे आणि तपासणे हे आमचे काम आहे. अशा बहुतेक वेळी दोष रकान्यामागच्या कामात असतो आणि तो दुरुस्त होण्याजोगा असतो, म्हणून हे पत्र. अर्ज बनवून घेणाऱ्यांनी काय मागावे आणि बनवणाऱ्यांनी काय तपासावे हे त्यात जरा तपशिलाने लिहिले आहे. लांबले तर सांभाळून घ्यावे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: माणसाने जे टंकले ते जसेच्या तसे साठवा. मजकूर पुढे वेब पानावर, डेटाबेसच्या आज्ञेत, एसएमएसमध्ये, छापील कागदावर जिथे जाईल, तिथले नियम तिथे जाताना लावा. आत घेतानाच कातरी चालवू नका.

मुळात अडचण जुनी आहे. १९६३ साली ठरलेल्या आस्की संकेतात, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, १२८च जागा होत्या. त्यात इंग्रजी अक्षरे, अंक आणि थोडी विरामचिन्हे मावली, बाकीच्या जगाने आपापले वेगळे तक्ते केले. सगळ्या लिप्यांसाठी एकच सामायिक तक्ता म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि आज वेबवर सर्वत्र चालणारी यूटीएफ-८ ही साठवणीची पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखली. यूटीएफ-८मध्ये साध्या इंग्रजी अक्षराला १ बाइट (साठवणीचे एकक) लागतो, स्वरचिन्ह असलेल्या युरोपीय अक्षराला किंवा ग्रीक, रशियन अक्षराला सहसा २, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ आणि बहुतेक इमोजींना ४. खालच्या अर्ध्याअधिक तक्रारींचे मूळ या चार आकड्यांत सापडेल.

बिघाड ओळखायला यंत्रणा उघडावी लागत नाही, पडद्यावर काय दिसते ते नीट पाहिले तरी पुरते. नुसते चौकोन दिसत असतील तर बहुधा मजकूर शाबूत आहे, फक्त फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. काळ्या पतंगात पांढरे प्रश्नचिन्ह दिसले, तर वाचणाऱ्याला यूटीएफ-८ अपेक्षित होते आणि त्याला दुसऱ्याच तक्त्यातले बाइट मिळाले. साधी प्रश्नचिन्हे, आणि तीही मात्रा वगैरे धरून नेमकी जितकी चिन्हे तितकीच, दिसली तर प्रकरण गंभीर आहे: मजकूर अशा तक्त्यात कोंबला गेला की जिथे त्या अक्षरांना जागाच नव्हती. तो परत येत नाही.

चौथा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो आणि सगळ्यात चमत्कारिक दिसतो. मराठी शब्दाच्या जागी डोक्यावर रेघ असलेला रोमन ‘ए’, त्यापाठोपाठ चलनाचे गोल चिन्ह किंवा येनचे चिन्ह, मग आणखी काहीतरी, आणि हेच त्रिकूट पुन्हा पुन्हा. देवनागरीचे ३ बाइट विंडोज-१२५२ या जुन्या पाश्चात्त्य तक्त्याने एकेक सुटे वाचले की असे होते. देवनागरीचा पहिला बाइट नेहमी एकच आणि दुसरा दोहोंपैकी एक असतो, म्हणून ही रांग इतकी एकसुरी दिसते. युरोपीय अक्षराचे असेच होऊन नागमोडी रेघेचा ‘ए’ आणि कॉपीराइटचे चिन्ह उमटते. वळणदार अपॉस्ट्रॉफीच्या जागी छत्रीवाला ‘ए’, युरो आणि ‘टीएम’ अशी तिकडी येते. डेटाबेसमध्ये ‘क’च्या जागी ॲम्परसँड, हॅश आणि २३२५ असे काही सापडले, तर अर्जाचे पानच जुन्या तक्त्यात पाठवले जात होते. ‘क’ पाठवता येईना म्हणून ब्राउझरने त्याचा युनिकोड क्रमांक लिहून वेळ मारून नेली.

मजकूर वाटेत चार-पाच सांधे ओलांडतो आणि प्रत्येक सांध्यावर दोन्ही बाजूंचा तक्ता एकच असावा लागतो. पानाच्या सुरुवातीच्या १०२४ बाइटांत यूटीएफ-८ची घोषणा हवी. पण सर्व्हरने पानाआधी पाठवलेल्या शीर्षकात (हेडरमध्ये) वेगळा तक्ता लिहिला असेल तर ब्राउझर त्याचेच ऐकतो. पान उघडून ‘घोषणा तर आहे’ म्हणणारे इथे फसतात. पुढचा सांधा अनुप्रयोग आणि डेटाबेस यांच्यातल्या जोडणीचा. तो सर्वात दुर्लक्षित, कारण तिथली चूक दिसत नाही. जोडणी जुन्या तक्त्यावर आणि मजकूर यूटीएफ-८ असेल, तर लिहिताना मजकूर बिघडतो आणि वाचताना त्याच चुकीने उलटा फिरून सुधारतो. संकेतस्थळ वर्षानुवर्षे ठणठणीत दिसते. मग कोणीतरी अहवालासाठी दुसरे साधन जोडतो किंवा जोडणीची सेटिंग दुरुस्त करतो, आणि त्या दिवशी सगळा जुना मजकूर ‘बिघडतो’. तो आधीपासूनच बिघडलेला होता.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आणखी एक खोच आहे. तिथे ‘यूटीएफ८’ नावाचा जो तक्ता वर्षानुवर्षे निवडला गेला, तो प्रत्यक्षात ३ बाइटांपर्यंतच जातो. मराठी चालते, म्हणून शंका येत नाही. मग कोणी अभिप्रायात एक इमोजी टाकतो आणि नोंद नाकारली जाते, किंवा सैल सेटिंग असेल तर इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर कापला जातो. खरा पूर्ण तक्ता ‘यूटीएफ८एमबी४’. तो २०१० साली आवृत्ती ५.५.३मध्ये आला आणि आवृत्ती ८.०मध्ये मूळ सेटिंग झाला. जुने टेबल बदलताना २५५ अक्षरांचा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) अडतो, कारण जुन्या रचनेत इंडेक्सला ७६७ बाइटांची मर्यादा होती: २५५ गुणिले ३ म्हणजे ७६५, बसते, ४ने गुणले की बसत नाही. अनेक टेबलांत १९१ हा विचित्र आकडा दिसतो त्याचे कारण हेच. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये कॉलम ‘एन-व्हारचार’ या युनिकोडच्या प्रकाराचा असूनही आज्ञेत थेट लिहिलेल्या मजकुराच्या आधी ‘एन’ लावायचा राहिला, तर मराठीची प्रश्नचिन्हे होतात. ओरॅकल या डेटाबेसमध्ये कॉलमची लांबी ‘व्हारचार२, ५०’ अशी लिहिली की मूळ सेटिंगप्रमाणे ते ५० बाइट धरले जातात, म्हणजे देवनागरीची जेमतेम १६ चिन्हे. तिथे एकक अक्षर आहे असे स्पष्ट लिहावे लागते.

लांबीचा घोळ इथेच संपत नाही. ‘ज्ञानेश्वर’ या शब्दात अक्षरे किती? शाळेतले मूल सांगेल, ४. युनिकोडच्या हिशेबाने १०, कारण प्रत्येक मात्रा आणि पाय मोडण्याचे प्रत्येक चिन्ह वेगळे मोजले जाते. बाइट ३०. वेब पत्त्यात टाकला की ९० खुणा. वाचकाला दिसणारे अक्षर मोजणाऱ्या लायब्ऱ्याही (तयार कोडचे संच) एकमताच्या नाहीत: २०२३ साली युनिकोड १५.१मध्ये देवनागरीसारख्या लिप्यांची जोडाक्षरे एकसंध धरण्याचा नियम आला. म्हणून जुनी लायब्ररी याच शब्दाचे ६ तुकडे करते आणि नवी ४. ब्राउझरमधली कमाल लांबी तिसरेच काही मोजते, यूटीएफ-१६ या युनिकोडच्या दुसऱ्या साठवण पद्धतीची एकके, आणि तिथे साधा इमोजीदेखील २ भरतो. मोठ्या मजकुराच्या चौकटीत एंटर दाबले की ब्राउझर १ मोजतो, पाठवताना मात्र त्याची २ चिन्हे होतात. ५०० अक्षरांत नेटका बसवलेला मजकूर सर्व्हरने लांब म्हणून परत पाठवला, तर आधी हे पाहावे. मर्यादा एकाच एककात ठरवा, ती ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हीकडे त्याच एककात मोजा आणि कॉलम तिच्या चौपट बाइटांचा ठेवा. कापायची वेळ आली तर दिसणाऱ्या अक्षराच्या सीमेवर कापा, नाहीतर ‘वि’चा ‘व’ होतो किंवा शेवटी पाय मोडलेले व्यंजन लोंबकळत राहते. पासवर्डाच्या बाबतीत हे अधिक जपायला हवे: पासवर्डाचे हॅश, म्हणजे मूळ परत न मिळणारे रूप, करणारी बीक्रिप्ट ही पद्धत ७२ बाइटांपुढचे पाहत नाही, म्हणजे देवनागरीची पहिली २४ चिन्हेच.

आता त्या लाल शेऱ्याकडे येऊ. ‘ए ते झेड’ एवढेच मान्य करणारा नियम कोणी आजही लिहीत असेल तर त्यावर बोलण्यासारखे काही नाही. पण सुधारलेला नियमही मराठीला पुरत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. युनिकोडमध्ये ‘अक्षर’ या वर्गात व्यंजने आणि स्वर येतात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात. फक्त अक्षरवर्ग मान्य केला तर ‘राम’सुद्धा नापास होतो, कारण ‘रा’चा काना अक्षर नाही. ‘अ ते ह’ असा पल्ला दिला तरी तेच, आणि शिवाय ‘ॲ’ बाहेर राहतो: तो युनिकोडमध्ये २००८ साली आला आणि त्याची जागा ‘ह’च्या बऱ्याच पुढे आहे. नावाच्या रकान्यासाठी अक्षर आणि चिन्ह हे दोन्ही वर्ग, मोकळी जागा, टिंब, जोडरेघ, सरळ आणि वळणदार अशा दोन्ही अपॉस्ट्रॉफी, आणि अदृश्य असलेले दोन जोडक, ज्यांना झीरो-विड्थ जॉइनर आणि नॉन-जॉइनर म्हणतात, एवढे मान्य असायला हवे.

त्या जोडकांवर मुद्दाम थांबतो. ‘अदृश्य अक्षरे काढून टाका’ असा सल्ला सरसकट दिला जातो. मराठीत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत समुद्र आणि डोंगरांमधल्या घळी एवढा. हा आडवा रफार दोन रीतींनी टंकला जातो: खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि मोडलेला पाय, किंवा साधा ‘र’, मोडलेला पाय आणि त्यानंतर तो अदृश्य जॉइनर. काही कळफलक दुसऱ्या रीतीने देतात. तिथे सफाई करणाऱ्याने जॉइनर उडवला की दऱ्यांचा दर्या होतो, आणि कुठेही चुकीचा शेरा उमटत नाही. काढायचेच असेल तर शून्य रुंदीची मोकळी जागा काढा, फाइलीच्या सुरुवातीला येणारे बाइट-क्रमाचे चिन्ह काढा, लेखनाची दिशा उलटवणारी चिन्हे काढा. शेवटच्यांचा उपयोग फसवणुकीसाठी होतो. मागेपुढे चिकटलेली मोकळी जागा छाटतानाही लक्ष हवे: दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी मोकळी जागा येते, ती जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेची नेहमीची छाटणी काढते, जावा या भाषेची काढत नाही.

दिसायला तेच पण आतून वेगळे, हा यापुढचा त्रास. तिरपी रेघ असलेला ‘ई’ एका क्रमांकानेही लिहिता येतो आणि साधा ‘ई’ अधिक सुटी रेघ असाही. डोळ्यांना फरक नाही, तुलना मात्र फसते: नोंदणी एका यंत्रावरून, शोध दुसऱ्यावरून, आणि उत्तर ‘सापडले नाही’. यावर उपाय म्हणजे मजकूर साठवण्याआधी युनिकोडच्या ‘एनएफसी’ या प्रमाण रूपात आणणे. अर्थ आणि रूप दोन्ही तीच राहतात, म्हणून ही कातरी नव्हे. ‘एनएफकेसी’ हे दुसरे प्रमाण रूप मात्र साठवणीसाठी वापरू नये, ते वर लिहिलेल्या घाताच्या २ला साधा २ करून टाकते. पासवर्डही हॅश करण्यापूर्वी ठरलेल्या एकाच प्रमाण रूपात आणावा.

एनएफसीवर सगळे सोडून मोकळे होता येत नाही. ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचे टिंब) यांचा ते एक ‘ऱ’ करते, पण नुक्त्याच्या ‘फ’चे उलट दोन तुकडेच ठेवते, हे नियमाप्रमाणेच आहे, तुलना बिघडत नाही. बिघडते ती ‘ॲ’मध्ये. २००८पूर्वीच्या सवयीने ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला ‘ॲ’ आणि एका क्रमांकाचा ‘ॲ’ हे युनिकोडच्या दृष्टीने समान नाहीत, एनएफसी त्यांना जुळवत नाही. ‘आ’च्या जागी ‘अ’ अधिक काना टंकलेला असेल तेही तसेच. ही चार-पाच जोड्यांची यादी मराठी मजकूर घेणाऱ्या प्रत्येक अनुप्रयोगाने स्वतः ठेवावी लागते. काम अर्ध्या तासाचे आहे.

शोध सोपा व्हावा म्हणून स्वरचिन्हे काढून तुलना करणे रास्त आहे. फक्त ते वेगळ्या कॉलमात करावे, मूळ नावावर नव्हे. त्याची नेहमीची कृती अशी की मजकूर सुटा करायचा, म्हणजे अक्षर आणि त्यावरचे चिन्ह वेगळे करायचे, आणि ‘चिन्ह’ वर्गातले सगळे फेकायचे. एक तर पोलिश भाषेतला मधून रेघ मारलेला ‘एल’ किंवा डॅनिशमधला तिरप्या रेघेचा ‘ओ’ याने सुटा होत नाही, त्यासाठी वेगळी यादी लागते. दुसरे म्हणजे हीच कृती देवनागरीवर चालली तर ‘मुकुंद’चा ‘मकद’ होतो. कोणी फक्त जागा न व्यापणारी चिन्हे फेकणारा प्रकार वापरतो. मग काना, वेलांटी वाचतात, उकार आणि अनुस्वार जातात: ‘किशोरी’ सहीसलामत सुटते आणि मुकुंद तसाच सोलला जातो. चाचणीत नेमके ‘किशोरी’ वापरले तर सगळे आलबेल वाटते. ही पद्धत रोमन, ग्रीक अशा लिप्यांपुरतीच लावावी. मोठी-लहान अक्षरे करतानाही भाषा सांगावी लागते: तुर्कीत टिंबाचा आणि बिनटिंबाचा ‘आय’ ही दोन वेगळी अक्षरे आहेत, आणि जर्मनमधल्या जोड-‘एस’चे मोठे रूप केले की सहसा एकाची दोन अक्षरे होऊन लांबी वाढते.

अपॉस्ट्रॉफीवरची बंदी सुरक्षेच्या नावाखाली घातली जाते. रकान्यातून डेटाबेसची आज्ञा घुसवता येते हे खरे, पण तिचा उपाय आज्ञा आणि मूल्य वेगवेगळे पाठवणे हा आहे. तसे केल्यावर अपॉस्ट्रॉफी हे फक्त एक अक्षर उरते. पानावर दाखवताना कोनी कंस, ॲम्परसँड आणि अवतरणे यांची रूपांतरित रूपे लिहावीत, तीही दाखवण्याच्या क्षणी, एकदाच. साठवतानाही केली आणि दाखवतानाही, तर वाचकाला ॲम्परसँडच्या मागे ‘एएमपी’ ही अक्षरे दिसतात, आणि दर वेळी अर्ज सुधारून जतन केला की ती शेपटी वाढत जाते. एक्सेलसाठी फाइल काढताना सुरुवातीला बाइट-क्रमाचे चिन्ह घालावे, नाहीतर मराठीची तीच एकसुरी रांग उमटते. शिवाय बरोबर, अधिक, उणे किंवा ॲटच्या चिन्हाने सुरू होणारा मजकूर एक्सेल सूत्र समजतो, त्याचा बंदोबस्त करावा. एसएमएसमध्ये एक वळणदार अवतरण शिरले की संदेशाची मर्यादा १६०वरून ७०वर येते.

टंकतानाच्या भानगडी वेगळ्या. प्रत्येक कळीवर लक्ष ठेवून ‘नको ते’ अक्षर अडवणारा कोड उच्चाराप्रमाणे टंकणाऱ्या कळफलकांशी भांडतो, कारण शब्द अजून जुळत असतो. अँड्रॉइडवर तर अनेकदा कोणतीही कळ दाबली तरी २२९ हाच क्रमांक येतो. रचना पूर्ण झाल्याची खूण ब्राउझर देतो, तिची वाट पाहावी. पर्याय निवडण्यासाठी दाबलेल्या एंटरने अर्ज पाठवला जाऊ नये. फोन क्रमांक देवनागरी अंकांत आला तर तो नाकारण्याचे कारण नाही: देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, त्यापुढे नऊ अंक ओळीने आहेत, रूपांतर ही साधी वजाबाकी आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा अंकवर्ग हे अंक ओळखतो, जावास्क्रिप्टचा ओळखत नाही, म्हणून ब्राउझर आणि सर्व्हर यांची मते वेगळी पडतात.

अर्ज ताब्यात घेण्यापूर्वी काही नावे सगळ्या रकान्यांतून फिरवून पाहावीत: अपॉस्ट्रॉफीचे आयरिश आडनाव, एका स्वरावर दोन चिन्हे असलेले व्हिएतनामी नाव, दोन्ही रीतींनी टंकलेला ‘दऱ्या’, दोन्ही रीतींचा ‘ॲ’, ‘मुकुंद’, कुटुंबाचा जोड-इमोजी. नोंद झाली एवढ्यावर थांबू नये. तीच नोंद शोधावी, सुधारून पुन्हा जतन करावी, फाइलीत काढावी, पीडीएफ करून पाहावी. आणि खरोखरच एखादे अक्षर घेता येत नसेल, तर शेऱ्यात ते कोणते आणि कितवे हे सांगावे. नुसते ‘अवैध’ म्हणू नये.

आधीच बिघडलेल्या मजकुराबद्दल एक सावधगिरी. चुकीच्या तक्त्याने वाचलेली रांग उलट फिरवून मूळ मराठी परत मिळवता येते, पण विंडोज-१२५२मध्ये ५ जागा रिकाम्या आहेत आणि दुर्दैवाने ‘ए’, ‘ऐ’, ‘झ’, चंद्रबिंदू, ऱ्हस्व उकार आणि पाय मोडण्याचे चिन्ह यांचे शेवटचे बाइट नेमके त्या जागांवर पडतात. मायएसक्यूएलचा ‘लॅटिन१’ त्या जागा सांभाळतो, इतर साधने तिथे अडतात किंवा बाइट गाळतात. चुका दुर्लक्षित करण्याचा पर्याय चालू ठेवून दुरुस्ती केली तर जोडाक्षरे आणि उकार कायमचे जातात. आधी पूर्ण प्रत काढावी, ज्या ओळींत ती एकसुरी रांग आहे तेवढ्याच निवडाव्यात आणि पहिल्या शंभर ओळी मराठी वाचता येणाऱ्या माणसाने डोळ्यांखालून घालाव्यात.

आपले नम्र,
वेब अनुप्रयोगांची बांधणी आणि चाचणी करणारे काही वाचक